अर्धी ओळ माझी

यिशुन, सिंगापूर
रविवार, १३ जून १९९९

ती. संजीवनीवहिनीस,
विनीताचा शिरसाष्टांग नमस्कार.

बावीस वर्षांनी नणंदेचं पत्र बघून तू ते न फोडताच केरात टाकलंस, तर तुझं काही चुकलं नाही. पाकिटावर तुझ्या नावाआधी सौ. लिहावं की नको, तिथंच माझं पेन अडलं. शेवटी नुसतं नाव लिहिलं.

इकडे सगळं ठीक. माझे यजमान श्रीराम बोटीवर नोकरीला आहेत, ऑगस्टपर्यंत येत नाहीत. मुलगा तन्मय चौदाचा झाला. मी मराठीत रागावते, तो इंग्रजीत उत्तर देतो. बाराव्या मजल्यावर सुखात आहोत. त्याबद्दल तुला जास्त लिहायची लाज वाटते.

काल शेजारच्या मिसेस टॅन मला फिल्म सोसायटीत जुना जपानी सिनेमा बघायला घेऊन गेल्या. सामुराईंच्या काळातली गोष्ट. घरची सून सासूला नको झालेली असते. त्या काळी म्हणे नवऱ्याने साडेतीन ओळींचा कागद दिला की बायको माहेरी रवाना. इथे नवरा शेजारच्या खोलीत मान खाली घालून बसलेला, मजकूर सांगते सासू, आणि लिहिते कोण, तर नणंद. का, तर तिचं अक्षर चांगलं. ती सावकाश शाई उगाळते, कुंचला बुडवते आणि लिहून झाल्यावर कागद लांब धरून आपलंच अक्षर न्याहाळते.

वहिनी, पुढचा सिनेमा मला दिसलाच नाही.

बाहेर पडताना मिसेस टॅन म्हणाल्या, "लास्ट टाइम लाइक दॅट, लाह. पुअर थिंग, द वाइफ." इथल्या इंग्रजीत लास्ट टाइम म्हणजे पूर्वीचा काळ. घरी आल्यावर तन्मय म्हणाला, "ममा, यू क्राइड? ओन्ली मूव्ही, व्हॉट." मी कांदे चिरायला घेतले.

खरं तर सिनेमा हे निमित्त. तुमच्या मिरजेच्या उल्कामावशींचं पत्र महिन्यापूर्वीच आलं होतं. तुझ्या किमयाचं जमत आलेलं लग्न मोडलं. 'आईला फिट्स येतात, उद्या पोरीलाही येतील' असं कुणीतरी मुलाकडच्यांच्या कानावर घातलं. ते पत्र मी महिनाभर पिठाच्या डब्यामागे लपवून ठेवलं होतं. या घरात कुणापासून लपवायचं होतं, कोण जाणे.

तुझ्या बाबांना लिहायचं पत्र आईने मला सांगितलं, तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. दादाच्या साहेबांची मुलगी आईच्या डोळ्यात भरली होती, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. 'मुलीला फिट्स येतात हे लग्नाआधी लपवलंत. आम्ही फसलो. तिला परत पाठवू नये.' एवढं आईचं. दादा पलीकडे वाचलेलाच पेपर पुन्हा वाचत होता. आजवर मी स्वतःची समजूत घालत आले की सांगणारी आई, मी फक्त लिहिणारा हात.

तसं नव्हतं. मजकूर कोरडा वाटला म्हणून खाली मी माझ्या मनाने जोडलं, 'तोंडाला फेस आला होता, मी स्वतः पाहिला.' निबंधात माझा नेहमी पहिला नंबर यायचा ना. आईने वाचून माझी पाठ थोपटली. मला बरं वाटलं, वहिनी. त्या अर्ध्या ओळीपायीच तुझ्या बाबांनी बभ्रा नको म्हणून पुढे मुकाट्याने घटस्फोटाच्या कागदांवर तुझ्या सह्या घेतल्या.

हरतालिकेचा निर्जळी उपास, त्यात तुला दिवस गेलेले आणि कुणाला पत्ता नाही. मोरीपाशी तुला घेरी आली. तुझं डोकं माझ्याच मांडीवर होतं. फेस कसला, ओठ सुकून गेले होते. "विनू, घोटभर पाणी दे," म्हणालीस. मी आईच्या तोंडाकडे बघत बसले.

सोबत वेगळा कागद आहे. त्यावर हे सगळं आईचं, दादाचं आणि माझं नाव घालून लिहिलंय, खाली सही केली आहे. किमयाच्या लग्नाचं बोलायला जो येईल त्याला दाखव. शंका आली तर जुनं पत्र काढून शेजारी ठेव, अक्षर तेच आहे. याची प्रत दादालाही आजच टाकते. तो यापुढे माझं तोंड बघणार नाही आणि आई तर नाहीच. न का बघेनात.

माफी मागत नाही. मागितली तर द्यावी की नको, हा विचार तुझ्या डोक्याला. तेवढंही ओझं तुझ्यावर घालायचं नाही. किमयाला आत्याचा आशीर्वाद सांगू नकोस, नुसता कागद दे.

फेस न पाहिलेली,
विनीता