पाणनगरीचा शेवट

२ जुलै ७८, रवि.
दादा परभणीहून आला. वाचनालयातून चार पुस्तकं आणलीत. दोन ऐतिहासिक कादंबऱ्या (इथून पुढं ऐ.का., एवढं लांब लिहायला वेळ कुणाला आहे), एक जादूची, आणि एक पाककृतींचं, ते वहिनीनं मुद्दाम धाडलेलं. टोमणा पोचला. मी आधी जादूचं उचललं तर दादा म्हणतो, "कुसे, लग्न होऊन दोन वर्षं झाली, अजून लेकरांची पुस्तकं?" वर 'कुमारांसाठी' छापलंय, ते खरं. मी म्हणाले, ओट्यावर वाचायला लागतात, पोरी असतात. अर्धंच खरं. मलाच आवडतात. कॉलेजचं एक वर्ष केलेल्या बाईला हे चारचौघांत सांगायची लाज वाटते, म्हणून इथं लिहिते.

५ जुलै, बुध.
ओट्यावर वाचन सुरू. चहा झाला की आधी सासूबाईंच्या पोथीचा एक अध्याय, त्याच्या पाठीला कादंबरीचं एक प्रकरण. पोथीला पाच बायका, कादंबरीला आठ. सा.बा. हे बघून न बघितल्यासारखं करतात. शेजारच्या वत्सलाकाकू वाती वळत बसतात, गल्लीतल्या पोरी खांबाला टेकून. पायरीखाली गयाबाईची सुमन. गयाबाई गावकुसाबाहेरच्या वस्तीतली, आमच्या रानात खुरपायला असते. सुमन सातवीत, शाळेतून थेट इकडं, दप्तर मांडीवर.

'शिलेदार खंडूची शर्थ' घेतलंय. ऐ.का. मत: खंडू पंधरा वर्षांचा, आणि बोलतो मात्र झेंडावंदनाचं भाषण केल्यासारखा. पाणी मागायचं तर "माते, तृषा लागली". शत्रू झाडून सगळे ढेरपोटे. लढाया पोतंभर, भाकरी कुणीच थापत नाही. पण मोठ्यानं वाचायला झकास! मी आवाज चढवला की काकूंचा पदर डोळ्याला जातो, आणि मला आतून गुदगुल्या. आवाजाचा गर्व आहे मला, असू दे.

११ जुलै, मंगळ.
खंडू संपला. मेला, अर्थात. ओटाभर सूंसूं. खालून सुमन म्हणाली, "ताई, मंग त्याच्या घोड्याचं काय झालं?" काकू खेकसल्या, "मानूस मेला अन् घोड्याचं काय घिऊन बसलीस?" पण खरंच, घोड्याचं काय झालं? तीन प्रकरणं त्याच्या पाठीवर बसून आलोय आम्ही. लेखकाला सुचलं नाही. मलाही नाही.

१७ जुलै, सोम.
दुसरी ऐ.का. चाळून ठेवून दिली. तेच शत्रू, तेच ढेर. आजपासून जादूची, 'पाणनगरीचा पहारा'.

डोहाच्या तळाशी एक बुडालेली नगरी. तिथली राणी मैनाच्या धाकट्या भावाचा आवाज काढून नेते. पोरगं मुकं. मैना आवाज आणायला डोहात उतरते. झालं, एवढंच. पण उतरताना तिचे केस वर वर जातात आणि ती खाली खाली, तिथं माझ्याच अंगावर काटा. खोटं आहे हे पहिल्या ओळीपासून ठाऊक असतं, म्हणून फसवल्यासारखं वाटत नाही. खंडूच्या बाबतीत सारखं वाटत होतं. नीट मांडायला पाहिजे हे कधीतरी.

सुमन पायरीच्या आणखी जवळ सरकली आज.

२२ जुलै, शनि.
गयाबाई दळण घेऊन चालली होती, थांबली. म्हणाली, "वैनी, काय वाचायलाव हो तुमी? पोरगी रोज दिवे लागले की वस्तीतली समदी लेकरं गोळा करून त्येच सांगायली. धाकला तर जेवत न्हाई मैनाचं ऐकल्याबिगर."
म्हणजे मी वाचते ते तिकडंही चालतं. दिवसभर खुशीत. भाजीत मीठ दोनदा पडलं.

२९ जुलै, शनि.
रेडिओवर सांगितलं, विद्यापीठाचं नाव बदलून, वस्तीतली माणसं ज्यांची जयंती करतात त्यांचं द्यायचा ठराव झाला मुंबईत. काल-परवापासून पारावर नुसती गर्दी. हे पूर्ण्याहून आले ते तोंड लांब करूनच. कुठं एसटीवर दगड पडले म्हणे. मी म्हणाले, आपल्या गावातून त्या विद्यापीठात गेलंय तरी कोण? "तसं नसतं," म्हणाले. कसं असतं ते सांगितलं नाही.
वाचन झालं. मैना राणीच्या वाड्याशी पोचली.

३१ जुलै, सोम.
सा.बा. चुलीपाशी, माझ्याकडं न बघता: "त्या पोरीला ओट्यापाशी बसवत जाऊ नको आता."
मी: "ती कुठं ओट्यावर असती? खाली तर असती."
"लोकं बघायलेत. वत्सलाच्या पोरानं काल तुझ्या नवऱ्याला इचारलं, तुमच्याकडं सभा भरायली का म्हणून."
"मग मी काय सांगू तिला?"
"ते तू बघ. शिकलेली हायेस."
ह्यांना विचारलं. म्हणाले, "आपल्याला ह्याच गावात राहायचंय, कुसुम." वाईट बोलले नाहीत. हे कधीच वाईट बोलत नाहीत, म्हणून भांडताही येत नाही.

खाली तर असती, हे मी बाजू घेऊन बोलले. किती मोठा मुद्दा काढला असं वाटलं होतं तेव्हा. एवढ्या दिवसांत वर ये म्हणाले नाही एकदाही. मनातच आलं नाही.

२ ऑगस्ट, बुध.
लिहू का नको. लिहिते.

आज ती आली. काकूंनी हातातली वात टाकली आणि सा.बां.कडं बघितलं. सा.बां.नी माझ्याकडं. मी वाचायला लागले. मैना राणीसमोर उभी, राणी म्हणते, आवाज देते पण बदल्यात... इथं पान संपलं. मी उलटलं नाही. तोंडाला येईल ते बोलले, पुस्तकात बघतच, वाचल्याच्या सुरात: "इतक्यात नगरीची दारं मिटली, डोह शांत झाला, आणि मैना पुन्हा कधीच वर आली नाही." म्हणाले, "संपलं." पुस्तक मिटलं.

सुमन म्हणाली, "अजून लय पानं हायेत की, ताई."
मी म्हणाले, "जाहिराती आहेत त्या. दुसऱ्या पुस्तकांच्या."
"भावाचा आवाज?"
"नाही मिळाला."
"आता उद्या कोणतं?"
"आता नाही. वाचन बंद. माझा घसा धरलाय."
ती उठली, दप्तर खांद्याला लावलं, गेली. घसा धरलाय म्हणाले मी, खणखणीत आवाजात.

सा.बा. मग प्रेमानं म्हणाल्या, "चांगलं केलंस, तिला वाईट न वाटता झालं." त्यांनी हाकललं असतं तरी बरं होतं. मी तर तिच्या आवडीच्याच गोष्टीनं तिला काढलं. आणि मैनाला मारलं, कारण सगळ्यात लवकर संपणारा शेवट तोच सुचला. शी.

४ ऑगस्ट, शुक्र.
दोन दिवस सुमन नाही. शाळाही भरली नाही. आसपास कुठं कुठं घरं पेटवल्याच्या बातम्या. आमच्या गावात काही नाही, असं सगळे छाती पुढं काढून सांगतायत. काही नाही, पण वस्तीतली चूल आज एकही पेटली नाही. सगळी माणसं सकाळी गाठोडी घेऊन चुडाव्याला गेली, स्टेशनवर. तिथून परभणीला, कुणी नांदेडला. गयाबाईही. हे शेतातून आले आणि म्हणाले, खुरपणीचं आता कसं करायचं. मी ताट वाढलं.

८ ऑगस्ट, मंगळ.
चहानंतर बायका जमल्या. पोथी झाली. काकू म्हणाल्या, "ते डोहाचं पुढलं वाच की."
मी: "संपलं ते."
"आमाला काय शेंडी लावायलीस? केवढं पुस्तक ऱ्हायलंय. वाच आता, कोणी न्हाई."
कोणी न्हाई. सा.बा.ही म्हणाल्या वाच. वाचलं. काय करणार होते? नाही म्हणता आलं असतं, हे आत्ता लिहिताना सुचतंय.

१२ ऑगस्ट, शनि.
पाणनगरी संपली, खरी. मैना वर येते. राणी बदल्यात तिची सावली मागून घेते, ती देते, आणि भावाचा आवाज ओंजळीत धरून पोहत वर. काठावर पोरगं पहिला शब्द बोलतं तो तिचं नाव. काकू रडता रडता हसल्या. पोरींनी टाळ्या वाजवल्या. मत: सावलीचं पुढं काय होतं ते लेखकानं ढिलं सोडलंय. पण शेवट चांगला आहे. फार चांगला आहे. ओट्यावरच्या सगळ्यांना मिळाला. जिनं डोळे मोठे करून सगळ्यात जास्त ऐकलं तिला तेवढा नाही.
शेवटची ओळ वाचताना माझा आवाज फाटला. काकूंना वाटलं, मी रंगवून वाचलं.

२० ऑगस्ट, रवि.
दादा आला पुस्तकं न्यायला. पाणनगरी दिलं नाही, अजून वाचतेय म्हणाले. "पाठ करायलीस का?" म्हणाला. नवी ऐ.का. आणलीय, पाठीवर लिहिलंय 'अन्यायाशी झुंजणाऱ्या शूर युवतीची गाथा'. दोन पानं वाचली आणि उशाखाली सारली. युवती पहिल्याच पानावर खोटं बोलणाऱ्याची जीभ छाटायची प्रतिज्ञा करते.

११ सप्टें., सोम.
वस्तीतली काही घरं परत आली. गयाबाई सकाळी दारात. वाळलीय. परभणीत भावाकडं होते म्हणाली, एका खोलीत तीन घरची माणसं. मी चहा केला. कप घेताना तिनं नेहमीसारखा तो कोनाड्यातला स्वतः काढून घेतला, तिच्यासाठी ठेवलेला. मी बघत उभी.
सुमन कुठाय विचारलं. "ऱ्हायली मामाकडं. येईल परीक्षेआधी." मग म्हणाली, "वैनी, ती डोहाची गोष्ट लय वंगाळ संपली हो. तिकडं बी पोरांनी तिच्याकडून रोज ऐकली. धाकला रातदिस इचारायचा, मैना वर कामून आली न्हाई? आपुन बी घरी जानार न्हाई का?"
मी म्हणाले, गोष्टच ती.
एवढंच सुचलं मला. तोंडात मारून घ्यावंसं वाटतं. सांगायला काय झालं होतं, गयाबाई, ती वर आली, मी खोटं वाचलं? पुढचा प्रश्न 'का' असा आला असता, म्हणून नाही सांगितलं.

१७ सप्टें., रवि.
ह्यांना सगळं सांगितलं. ऐकून घेतलं. "पुस्तक देऊन टाक तिला, वाचनालयाला आपण दुसरं भरून देऊ," म्हणाले. चांगलं बोलले. मला हलकं वाटलं. मग त्या हलकं वाटण्याचीच लाज. पुस्तक गयाबाईच्या हाती धाडलं की झालं, तोंड दाखवायचं काम नाही, असा हिशेब मनात झालासुद्धा होता.
नाही. स्वतः द्यायचं.

१ ऑक्टो., रवि.
सुमन काल आली. आज गेले. वस्ती घरापासून हाकेवर, आणि दोन वर्षांत पाऊल पहिल्यांदा पडलं. कुणाकडं बघावं कळेना. गयाबाईनं घाईनं सतरंजी झटकली. सुमन दारात गहू निवडत होती. उंच झालीय.

पुस्तक पुढं केलं. घरून जुळवून आणलेली वाक्यं सगळी गेली. "सुमन, मी त्या दिवशी खोटं वाचलं. मैना वर येते. तू यायची बंद व्हावीस म्हणून मी संपवलं." हे मात्र बोलले. गयाबाईनं मान खाली घातली, जसं काही तीच चुकली.
सुमननं पुस्तकाला हात लावला नाही.
"मला ठावं हुतं," म्हणाली.
"मग लेकरांना तसा शेवट का सांगितलास गं? खरा नाही तर तुझ्या मनचा, चांगला सांगायचास."
"तुमी वाचलं तेच सांगितलं. मी मनचं घालत न्हाई."
मी पुन्हा पुस्तक पुढं केलं. वाचनालयाचं नको बघूस, तुझ्याकडंच ठेव म्हणाले. ती गव्हातले खडे बाजूला करत राहिली. मग माझ्याकडं बघून, अगदी साध्या आवाजात:
"ऱ्हाऊ द्या. तुमी ओट्यावर वाचा. ऱ्हायलंय तिथनं. समद्या असतील तवा. मी येते धाकल्याला घिऊन."
"पायरीला—" गयाबाई म्हणायला लागली.
"पायरीला न्हाई," सुमन म्हणाली. गयाबाईला नाही, मला.

मी "बघते" म्हणाले. बघते! एवढं खोटं कबूल करून आले आणि निघताना हे.
"बरं," म्हणाली ती आणि सूप हलवायला लागली.

पुस्तक परत आणलंय. सा.बा. विचारत होत्या कुठं गेली होतीस, मळ्यात म्हणाले. अजून कुणाला काही बोलले नाही. उद्या चहानंतर बायका यायच्या आहेत. काकूंनी वातींसाठी कापूसही पिंजून ठेवलाय.