ढब्बू नव्या बेटावर नव्हता

चिमण्या,

काल माझ्याशी फोनवर बोलता बोलता तू तुझ्या लेकीला म्हणालास, "माझं एक कासव होतं, ढब्बू. मीच नीट शोधलं नाही."

तुझ्या नवव्या वाढदिवसाला मी तुझ्या त्या प्राणी पकडायच्या व्हिडिओ गेमची सुधारलेली आवृत्ती आणली. खेळ तोच, पण प्राणी जास्त आणि एक नवं बेट. तू उड्या मारल्यास आणि लगेच विचारलंस, "ताई, यात ढब्बू कुठाय?"

दोन वर्षं वाढवलेला तुझा ढब्बू जुन्या कॅसेटमध्येच साठवलेला होता, आणि ती मी दुकानात बदल्यात देऊन आले होते. मला मेलीला वाटलं, नव्यात जुनं सगळं असणारच! तुझं तोंड बघून मी थाप मारली, "तो नव्या बेटावर गेलाय. शोध."

दुसऱ्या दिवशी दुकानात धावले, तर कॅसेट विकली गेली होती. तू वर्षभर त्या बेटावरचं गवत तुडवलंस, आणि मी शेजारी बसून "तिकडे बघ" म्हणत राहिले.

तू नीटच शोधलंस रे. काल हेच सांगायला तोंड उघडलं, आणि बाहेर पडलं, "असेल तिथेच कुठेतरी."

हेही पत्र शिवणाच्या डब्यात ठेवणारी,
तुझी ताई