फोन बंद नव्हता

५ मे, सोमवार

परवाची सकाळ नेहमीसारखीच. अंगण झाडलं, शेळीला पाला टाकला, दोन भाकरी थापल्या. मग चहा घेऊन उंबऱ्यात बसले आणि फोन काढला. व्हिडिओत एक माणूस मळका गालिचा धुवत होता. नळीनं पाणी मारायचा, काळं पाणी वाहून जायचं, परत मारायचा. तो झाला की दुसरा गालिचा. चहा निवला तरी मी तिथंच. तेवढ्यात टँकर चौकात येऊन गेला.

आमची आळी वरच्या अंगाला. चौकातला आवाज इथवर येत नाही. म्हणून टँकरवाला हरिबा ग्रुपवर मेसेज टाकतो आणि मी शेजारच्या रंगुबाईला हाक मारते. तिच्याकडे फोन नाही. तीन उन्हाळे असंच चाललंय. परवा मला मेसेज दिसलाच नाही.

माझं पिंप निम्मं भरलेलं होतं. तिचं कोरडं. भर दुपारी ती घागर घेऊन खालच्या विहिरीवर गेली, पायरीवर घसरली. उजवा हात मोडला. सत्तरीची बाई.

६ मे

तिला जतच्या दवाखान्यातून आणलं. कोपरापर्यंत प्लॅस्टर. तिनं काही विचारायच्या आतच मी म्हणाले, "फोन बादलीत पडला हुता. बंद झाला."

कुठून आलं तोंडात!

"आगं, मग तू काय करणार? तुजा फोन म्हंजी माजा कान. कानच बुडाला." आणि हसली. "जेवलीस का न्हाई?"

घरी येऊन फोन खरंच बंद केला. पिठाच्या डब्यामागं ठेवला.

७ मे

जेवण गेलं नाही.

८ मे

फोन लागेना म्हणून प्रांजलनं सांगलीहून पलीकडच्या घरी फोन केला. बादलीची गोष्ट तिलाही सांगितली. लेक म्हणाली, "उद्या ये आई, नवीन घेऊ." एका खोट्यापायी आता फोन घ्यायचा.

९ मे

सांगलीच्या दुकानात पोरानं जुना फोन हातात घेतला, बटण दाबलं. लागला की लगेच! "मावशी, काय झालंय याला? झकास आहे."

"वाळला असंल," मी म्हणाले. कान तापले होते.

प्रांजल हसली. "फोन पण आईसारखाच. बुडला तरी वर येतो."

ती मोठ्या काचेचा दाखवत होती. मी विचारलं, ज्याच्यावर काहीच बघता येत नाही असा कुठला आहे? तो पोरगा म्हणाला, "मावशी, लोक उलटं विचारतात." बटणांचा घेतला. बोलायचं आणि ठेवायचं. हरिबाला नवा नंबर कळवला. "आवं, टँकर आला की तुमाला येकच रिंग देतो," म्हणाला.

परतीच्या एसटीत ह्यांची आठवण आली. चौथीनंतर माझी शाळा सुटली. पुढचं वाचन मी वाण्याच्या पुड्यांच्या कागदांवर शिकले. हे असताना सकाळी चहाबरोबर पेपर मोठ्यानं वाचायचे मी. जोडाक्षराला अडले की हे हसायचे. हे जाऊन चार वर्षं झाली. फोन समोर असला की एकटीला चहाचा घोट उतरायचा. वाचनालयाचं पुस्तक दोन महिने एकाच पानावर पडलंय. हे सगळं रंगुबाईला कसं सांगायचं? तिचा तर हात मोडलाय.

१० मे

रंगुबाईनं बोलावून घेतलं. हातात लोकरीचा गोफ ठेवला. काळा-पांढरा, घट्ट वळलेला.

"पाण्यात पडला म्हणलीस नव्हं? आता नवा फोन ह्यात बांधून गळ्यात घाल."

"आवं, पण ह्या हातानं?"

"डावा हाय की. आन् धागा धराय पायाचा अंगठा हाय."

मला तिथं बसवेना.

इथं तरी खरं लिहावं. पाच तारखेला लिहिलं, मेसेज दिसला नाही. दिसला होता. गालिच्याच्या वरच आला. मी अंगठ्यानं वर सारला. एवढा गालिचा होऊ दे, म्हटलं.

११ मे

सांगितलं. बादली खोटी, फोन चालू होता, मेसेज दिसला होता — सगळं. गोफ परत द्यायला गेले तर तिनं हात पुढं केला नाही.

मग म्हणाली, "आता हाक मारू नगंस मला. मी माजी चौकात जाऊन बसंन."

१२ मे

आज सहालाच चौकात गेले. रंगुबाई आधीच येऊन बसली होती. मी तिच्या शेजारी बसले. टँकर साडेआठला आला.