देवीचं न झाडलेलं बन

आत्याबाई, परवा बनातली जत्रा झाली. कुंड काठोकाठ भरलं होतं, देवीला त्याच पाण्यानं न्हाऊ घातलं, आणि मला तुमची अशी आठवण आली की घरी येऊन नातीकडून दोन-चार कोरे कागद मागून घेतले नि लिहायला बसले. सासूला आत्याबाई म्हणायचं हेसुद्धा मी इथं आल्यावरच शिकले होते. आता मी तुमच्यापेक्षा म्हातारी झाले, तरी तोंडात तेच येतं. तुम्हाला वाचता येत नव्हतं, ते ठाऊक आहे मला. तुम्ही असतात तरी हे मलाच वाचून दाखवावं लागलं असतं आणि तुम्ही दर ओळीला "बरं बरं, फुडं?" करत मध्ये बोलला असतात. आज गप ऐका. तुमच्यापुढं एकदा सलग बोलायचं होतं मला, ते आज बोलते.

मी आले तेव्हा निजामाचं राज्य होतं आणि तिकडं जर्मनची मोठी लढाई चालू होती. राकेल मिळायचं नाही. येरमाळ्याच्या रस्त्यानं जाणारी मोटारसुद्धा मागं कोळशाची भट्टी बांधून धापा टाकत जायची. तुमचा लेक बैलं घेऊन लाकडं ओढायच्या कामावर सह्याद्रीच्या घाटात गेला होता आणि येताना बायको घेऊन आला. "लाकडं आणाय धाडला, तर ही घिऊन आला," असं तुम्ही येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचात, माझ्यादेखत. येडशीला छोट्या रुळांच्या आगगाडीतून उतरले तेव्हा चारी बाजूंना उघड्या टेकड्या, पिवळं गवत आणि एवढं मोठं आभाळ बघून मला रडूच फुटलं. माझ्या माहेरी आभाळ तुकड्यातुकड्यानं दिसायचं, पानांच्या मधून. इथं सगळंच्या सगळं अंगावर आलं. यांनी विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "डोळ्यात धूळ गेली." धूळ होतीच म्हणा, ती काय कमी होती!

भाताच्या मुलखातली पोर मी. ज्वारीची भाकरी थापायला घेतली की परातीतच तिचे तुकडे. तुम्ही चुलीपुढं बसून म्हणायचात, "जळवे, पिठात गरम पाणी घाल. तुझ्या जंगलातलं न्हवं, चुलीवरचं." जळू हे नाव तुम्ही मला पहिल्याच आठवड्यात दिलंत, कारण मी सांगून बसले होते की आमच्या इथं पावसाळ्यात पायाला जळवा लागतात. काय काय सांगायचे मी तेव्हा! आमच्या इथं उंच झाडांखाली मधली झाडं, त्यांच्याखाली बुटकी, त्याखाली वेली आणि नेचे, आणि सगळ्यांच्या तळाला कुजक्या पानांची गादी, घोटा बुडेल एवढी. दर मजल्यावर वेगळं बिऱ्हाड. वरचं शेकरू शेंड्याशेंड्यानं उड्या मारत जातं, जमिनीवर कशाला उतरेल ते? धनेशाची मादी झाडाच्या ढोलीत स्वतःला लिंपून घेते आणि पिल्लं वाढेपर्यंत नर तिला बाहेरून एकेक फळ भरवतो; त्यानं टाकलेल्या बियांतूनच पुढचं जंगल उगवतं. "म्हंजे नवऱ्यानं बायकूला घास भरवायचा?" असं म्हणून तुम्ही आतल्या खोलीकडं तोंड केलंत नि ओरडलात, "ऐकलं का रं?" आणि पावसाळ्यात अंधार पडला की कुजक्या लाकडाला हिरवट उजेड सुटतो, हे सांगितलं तेव्हा तर तुमच्या हातातली भाकरी हातातच राहिली. "राकेल मिळंना झालंय. तुझ्या बापाला म्हणावं, गाडीभर लाकडं दे धाडून." सगळी आळी हसली. बढाई मारायची खोडच होती मला. 'आमच्या इथं' म्हटल्याशिवाय माझं एक वाक्य पुरं व्हायचं नाही, आणि तुमचं उत्तर ठरलेलं असायचं, "जा की मग माहेरी."

तुमचा अभिमान होता तो बनाचा. गावाच्या वर, दोन टेकड्यांच्या बेचक्यात, उंबर-जांभूळ-करंजाची ती दाट हिरवी फट. आत देवीचा शेंदूर फासलेला दगडी तांदळा, त्याच्या मागं दगडी कुंड, आणि कुंडात कपारीतून येणारा झरा. फांदी तोडायची सोय नव्हती; तिथली काडी घरी नेली तर देवी कोपते, हे लहान पोरालाही माहीत. पण दर साली जत्रेआधी सगळ्या गावानं खराटे घेऊन बन झाडायचं, आणि पहिला खराटा मारायचा मान आपल्या घरच्या थोरल्या बाईचा. म्हणजे तुमचा. पानगळ नुकतीच झालेली असायची. बायका पदर खोचून त्या पानांचे ढीग करायच्या, पोरं ते पेटवायची, आणि संध्याकाळपर्यंत बन असं लख्ख व्हायचं की खाली पडलेली सुई दिसावी. तुम्ही कमरेवर हात ठेवून बघायचात. "देवीच्या अंगणात एक पान दिसतंय का बघ," असं मला पहिल्या साली म्हणालात. मला मात्र ती तडकलेली, उघडी माती बघवेना. आणि त्याच साली कुंड कोरडं होतं. गुरवानं खालच्या विहिरीवरून घागर आणून देवीला न्हाऊ घातलं. म्हाताऱ्या सांगत होत्या, पूर्वी ह्या कुंडातलं पाणी जत्रा होऊन गेली तरी आटायचं नाही. आता दर साली आधीच आटतंय. "देवी रुसली," सगळे म्हणाले. "झाडण्यात कुठं कसर ऱ्हायली आसंल."

तिथं माझी जीभ सुटली. भर पारावर, पाटील बसलेले, डोईवरचा पदर सावरायचं भानही नाही. मी म्हटलं, "देवी रुसलेली नाही, तिला थंडी वाजतीय! तुम्ही दर वर्षी तिचं पांघरूण जाळता." मग थांबताच येईना मला. आमच्या इथं देवाच्या राईतलं पानसुद्धा कुणी हलवत नाही. पानं कुजतात, त्यात किडे येतात, अळंबी येतात, गांडुळं माती भुसभुशीत करतात, आणि पाऊस पडला की ती गादी पाणी पिऊन घेते नि खालच्या खडकाला हळूहळू पाजते. म्हणून आमच्या ओढ्यांना उन्हाळ्यातसुद्धा पाणी असतं, आणि त्या ओढ्यांची पुढं नदी होते, ती कुठल्या कुठं मुलखाला पोसते. इथं पाऊस उघड्या मातीवर पडतो नि मातीच घेऊन पळतो. झऱ्याला राहायचं काय? तुम्ही उठलात आणि सगळ्यांदेखत म्हणालात, "दोन म्हैने झाले हिला यिऊन, आन आमाला देवी शिकवती! शेण थापता येतंय का आधी?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेवढ्यात शेजारची चाची, जिच्या घरचे पिंजारी आणि जी रोज तुमच्याशी भांडून रोज तुमच्याच हातचं ताक न्यायची, ती मागून म्हणाली, "हौ रे, बात में दम है इसके. इत्ते साल झाडू मारे, पानी आया क्या? एक साल नक्को मारो."

त्यावर गावात किती कल्ला झाला, तो तुम्हाला आठवत असेल. शेवटी पाटलांनी निवाडा केला. यंदा झाडण झालं ते झालं. पुढच्या साली पानगळीला कुणी खराटा लावायचा नाही, आणि तिथून पाऊसकाळ जाऊन पुन्हा जत्रा येईपर्यंत बनात कुणी पाऊल टाकायचं नाही, गुरवानंही पूजा बाहेरच्या पायरीवर करायची. म्हणजे कुणी चोरून झाडलं, कुणी चोरून घागर ओतली, हे भांडण नको. मधल्या जत्रेलाही देवीला पायरीवरूनच हात जोडायचे. आणि एवढं करून कुंड कोरडं निघालं तर? त्यावर तुम्हीच बोललात. "तर हिला माहेरी धाडीन, आन परत न्हाय आणायची." हे मान खाली घालून बसले होते. मी म्हटलं, "चालेल." चालेल कसलं!

ती दोन सालं मी कशी काढली ते माझं मला ठाऊक. पानगळ झाली, पानं तशीच राहिली, पाऊस आला नि गेला. बनाकडून आलेल्या वाऱ्याला ओल्या पानांचा वास यायचा आणि मला माहेर आठवून भाकरी करपायची. खालच्या विहिरीवर एकदा चाची मला कोपरानं ढोसून म्हणाली, "देख, दोर बच रहा है." खरंच दोर उरत होता, विहिरीचं पाणी वर आलं होतं. पण बाकीच्या म्हणाल्या, पाऊस बरा झालाय, त्यात काय! तुम्ही मला त्या दिवसांत फार बोलत नव्हतात. बोललात तर एवढंच, "तिकडं गेल्यावर भाकरीला इचारनार कोन तुला? तरी शीक." आणि शिकवलीतही. जत्रेच्या दिवशी पहाटे मी माझं गाठोडं बांधून दाराआड ठेवलं. तुम्ही ते बघितलंत.

सगळं गाव बनाच्या तोंडाशी उभं. पोरीबाळींच्या हातात खराटे होते, निकाल लागला की झाडायला मोकळ्या. आत गेलो तर पाय मऊ पडायला लागले. तांदळ्यामागं गेलो. कुंड दिसतच नव्हतं. पानंच पानं. काठापर्यंत सुकी पानं, कपारीवर पानं, पाण्याचा टिपूस नाही. कुणीतरी म्हणालं, "आटला." मग सगळेच म्हणायला लागले. गुरवानं घागर उचलली. ह्यांनी माझ्याकडं बघितलं, आणि ते बघणं मला अजून सहन होत नाही.

"थांबा," तुम्ही म्हणालात. "मान माझा हाय. पयला हात म्या लावनार." तुम्ही खराटा उचलला, पानांवर धरलात, आणि कुणास ठाऊक का, बाजूला ठेवलात. गुडघे टेकलेत. पानांत हात घातलात. वरची पानं कुरकुरली, मग आवाज थांबला. हात मनगटापर्यंत गेला, हिरव्या बांगड्या गेल्या, कोपर गेलं. तुमचं तोंड बदललं. हात बाहेर काढलात तेव्हा कोपरापासून पाणी निथळत होतं! पानांच्या खाली कुंड भरलेलं होतं, थंडगार, काठाला लागून. तुम्ही पाटलांकडं बघितलं नाहीत, गुरवाकडं बघितलं नाहीत. ओंजळभर पाणी घेऊन माझ्या तोंडावर मारलंत आणि ओरडलात, "जळवे, आता का गप? बोल की!" मी तोंडावरचं पाणीसुद्धा पुसलं नाही. चाची मात्र नाचायचीच बाकी होती. "पानी रे पानी! पत्तों के नीचे छुपके बैठा था!" हलग्या वाजल्या, लोकांनी पाणी डोळ्याला लावलं, आणि कुणा पोरानं कुंडातली पानं काढून पेटवायला ढीग केला तर तुम्ही त्याच्या पाठीत धपाटा घातलात. "झाडाखाली नीऊन टाक. देवीचं पांघरून हाय त्ये." माझेच शब्द, आत्याबाई! जसेच्या तसे! त्या दिवशी मी जिंकले, लई जिंकले, आणि माझ्याहून जास्त मिरवलात तुम्ही. घरी येऊन गाठोडं तुम्हीच सोडलंत नि माझी लुगडी दांडीवर टाकलीत.

पाऊस बरा झाला म्हणून पाणी राहिलं, असं म्हणणारे होतेच. पुढं एका साली पावसानं साफ दगा दिला, गावोगाव गुरं उपाशी, तरी कुंडात देवीच्या न्हाणापुरतं पाणी होतं. तेव्हा त्यांची तोंडं बंद झाली. पोलीस ॲक्शन होऊन निजामाचं राज्य गेलं, गावात नव्या माणसांचे नवे कायदे आले, पण बनाचा कायदा तुम्ही केलात तोच राहिला. जाण्याआधी तुम्ही खराटा माझ्या हातात दिलात. "टेकवायचा, झाडायचं न्हाय." आजही जत्रेला आपल्या घरची बाई खराटा जमिनीला टेकवते आणि झाडाला उभा करून ठेवते. परवा नातसुनेनं टेकवला. बन आता खालच्या ओढ्यापर्यंत उतरलंय. उदमांजरं उंबरं खाऊन दगडावर बिया टाकून जातात, त्यातून नवे उंबर आलेत. बेडूक आहेत, गोगलगायी आहेत, अळंबी आहेत, आणि उन्हाळ्यात एक लांब पांढऱ्या शेपटीचं पाखरू येतं, ते पूर्वी इथं कुणी पाहिलं नव्हतं. उजेडाचं लाकूड तेवढं नाही. ते मागू नका.

हा कागद कुठं धाडायचा नाही. घडी करून लुगड्यात ठेवीन. पण एक सांगायचं राहिलं. भावाच्या लेकीच्या लग्नाला मी माहेरी गेले होते, आठवतं? तिथं राईत धनेश होता, शेकरू होतं, सगळं जिथल्या तिथं होतं, आणि मी वहिनीला सांगत सुटले होते, आमच्या इथं बन आहे, आमच्या इथं कुंड आहे, आमच्या इथली जांभळं बघ तू एकदा. वहिनी वैतागून म्हणाली, "जा की मग सासरी." मी लग्नाची हळदसुद्धा नीट उतरू दिली नाही, निघालेच. दारात तुम्ही विचारलंत, "एवढ्या लौकर कशी काय आलीस गं?" मी म्हटलं, "जळवा फार लागल्या." तुम्ही खूप हसलात. आत्याबाई, जळवा कसल्या लागतायत, उन्हाळा होता तो. मला तुमची आठवण येत होती.