पमी आता सांगत नाही

प्रिय सुमन,

तू माहेरी जायचीस तेव्हा तिथून कार्डं पाठवायचीस आणि मी एकाचंही उत्तर दिलं नाही. आता घे, सगळ्यांचं एकदम. आपली पमी आणि तुझी आई जेवून आडव्या झाल्यात, चाळीत जरा शांत आहे. उद्या सकाळच्या एस.टी.ने आई पमीला गावाला घेऊन चालल्या. किती दिवसांसाठी, तो विषय कोणी काढत नाही. मीही विचारलं नाही. का नेतायत, ते दुसऱ्या कोणाला सांगायची लाज वाटते, म्हणून तुला लिहितो.

शीमुळे. हसू नकोस.

तू होतीस तेव्हा पमी सांगायची. "आई, शी" करत धावत यायची. तू मोरीपाशी पाटावर बसून पाय पुढे करायचीस, खाली पेपर टाकायचीस आणि तिला पावलांवर बसवायचीस. एवढीशी पोर सांगते म्हणून शेजारपाजारच्या बायका कौतुक करायच्या. काविळीने तू गेलीस आणि तिने सांगणंच सोडलं. कपाटामागे जाऊन उभी राहते, तोंड लाल होतं आणि चड्डीत करते. नाहीतर करतच नाही. धरून ठेवते गं! पोट टणक होतं, हात लावू देत नाही. डॉक्टरने औषध दिलं, ते माझ्या शर्टावर थुंकते. धुणं तर विचारूच नकोस. नळावरच्या बायका मला बघून बाजूला सरकतात, त्यांना माझी दया येते आणि ती मला नको असते.

कामावर जायलाच पाहिजे होतं. साकीनाक्याला कारखान्यात शेठ म्हणाला, "चंदू, टर्नर दुसरा बघू का सांग." त्याचंही चुकलं नाही, लेथ किती दिवस बंद ठेवणार? मागच्या गल्लीतल्या कामतकाकू पाळणाघर चालवतात, त्यांच्याकडे गेलो. म्हणाल्या, "सांगणारी असेल तर आणा हो. एवढ्या पोरांचं मी कुठे धुवत बसू?" मी म्हटलं, सांगते ना, एकदम हुशार आहे, आणि तिला तिथे सोडून कामावर गेलो. संध्याकाळी त्यांनी पमीला माझ्याकडे दिलं आणि वर ओल्या चड्ड्यांची पिशवी दिली. "शिकवा, मग आणा." दार लावून घेतलं. म्हणजे बघ, माझी मुलगी माझ्याजवळ राहणार की नाही, हे सगळं येऊन अडकलं ते तिच्या शीवर.

मग मी शिकवायला बसलो. मी! घाटकोपर स्टेशनजवळून प्लास्टिकचं भांडं आणलं, बदकाच्या तोंडाचं. पमीने त्यावर बाहुली बसवली. थोड्या वेळाने बाहुलीला उचललं, स्वतःचे पाय लांब केले, पावलांवर तिला बसवलं आणि पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "कल, कल माझ्या सोन्या." हुबेहूब तू. मी उठून गॅलरीत गेलो. मला तिच्यासमोर रडायचं नव्हतं.

तुझ्यावर मला राग येतो सुमन. खोटं कशाला बोलू? मी जरा आत डोकावलो की तू म्हणायचीस, "अहो, तुम्ही जा, पाणी भरा. पुरुषमाणूस उभं असलं की ती बसत नाही." मी जायचो. आपल्याकडे असंच असतं, मुलीचं हे सगळं बायकांनी बघायचं. पण एकदा तरी थांबू द्यायचं होतंस मला. तू नसलीस तर काय, हा विचार तुझ्या डोक्यात आला नाही. माझ्या तरी कुठे आला?

बाहुलीचं बघून मी पाटावर बसलो. पाय पुढे केले, पेपर टाकला, पमीला बसवलं. कर, कर माझ्या सोन्या, म्हटलं. माझा आवाज कसा आहे तुला माहीत आहे, हे म्हणताना मलाच कसंतरी झालं. ती बसली, पण खाली वाकून माझ्या पायांची बोटं चाचपायला लागली. एकेक बोट. मग माझ्या तोंडाकडे बघितलं आणि रडायला लागली.

माझ्या लक्षात आलं, जोडवी शोधतेय. हॉस्पिटलात तुझ्या अंगावरचं काढून पुडीत बांधून दिलं होतं ना, त्यात होती. दार बंद केलं, खिडकी लावली आणि तुझी जोडवी मी माझ्या पायात घातली. पसरवून पसरवून करंगळीत गेली. कोणी बघितलं असतं तर म्हणाले असते, बायको गेली आणि याचं डोकं फिरलं. मला वाटलं होतं, आता जमणार. पमीने जोडव्याला हात लावला. "आईचं आहे," म्हणाली. आणि ते माझ्या बोटातून ओढून काढायला लागली. "तुझं नाय. आईचं. काढ."

काढलं. काय करणार? त्यानंतर तिने बरेच दिवस धरून ठेवलं. शेवटी डॉक्टरने नळी घालून काढली आणि ती ओरडत होती आणि तिचे हात मी धरले होते. त्याच दिवशी मी आईंना या म्हणून तार केली.

आई परवा आल्या. बॅग ठेवली, पाय धुतले, चहासुद्धा घेतला नाही. पमीकडे बघितलं आणि पाट ओढला. मी पेपर द्यायला गेलो तर म्हणाल्या, "तुमी जरा भायर जावा. चेडू तुमच्यासमोर बसूचा नाय." मी गॅलरीत जाऊन उभा राहिलो. पुन्हा बाहेरच. आतून आईंचं हळू हळू काहीतरी चाललं होतं. त्यांच्या पायात जोडवी नाहीत सुमन, तुझे वडील गेल्यापासून नाहीत. पमीला ती लागलीच नाहीत.

मग पमीचा आवाज आला. किती दिवसांनी तसा स्वच्छ आवाज ऐकला मी.

"आई, झाली."

आईंनी काही दुरुस्त केलं नाही. पाण्याचा तांब्या ओतल्याचा आवाज आला. त्या बाहेर आल्या तेव्हा डोळ्यांना पदर लावलेला होता. म्हणाल्या, "मी तिका घेवन जातंय." मी मान हलवली. आता भांडायला माझ्याकडे काय उरलं होतं? काल तीनदा विचार केला, नको पाठवूया, शेठला सांगू, काहीतरी करू. आज सकाळी पमी हसत मोरीकडे धावली, आणि मी तिच्या फ्रॉकांची घडी घालायला घेतली.

ती लहान आहे. तिथे अंगण आहे, माणसं आहेत, तिचं पोट साफ राहील. आणि वर्षभरात तुझा चेहरा तिच्या डोक्यातून जाईल, हे मला माहीत आहे, तुलाही माहीत असेल. माझाही जाईल कदाचित. सुट्टी मिळेल तेव्हा मी जाईन आणि ती आईंच्या पदराआडून माझ्याकडे बघेल, पाहुण्याकडे बघतात तशी.

एक वचन देतो. पमी तुझ्या आईला आई म्हणाली तर मी तिला अडवणार नाही. "ही तुझी आई नव्हे, तुझी आई गेली," असं पमीला मी कधी सांगणार नाही, निदान तिला आई लागते आहे तोवर तरी नाही. तुला राग आला तर माझ्यावर काढ. तिच्यावर नको.

तुझा,
अहो