चार मिनिटांचं कुलूप

वारंगा फाटा,
१४ सप्टेंबर २००९

प्रिय राणी,

तू केंद्र सोडून गेलीस त्याला परवा पाच महिने झाले. तुझा नांदेडचा पत्ता शिरड शहापूरला जाऊन तुझ्या आईकडून घेतला. त्यांनी चहा केला, पण तुझ्याबद्दल फार बोलल्या नाहीत. मीही विचारलं नाही.

टायरच्या दुकानामागच्या आपल्या केंद्राच्या दोन खोल्यांत आता मी एकटीच असते. नवऱ्याच्या, सासरच्या तक्रारी घेऊन बाया येतात, दारातून डोकावतात आणि म्हणतात, "राणीताई न्हाईत का?" नाही म्हटलं की निम्म्या तिथूनच परत फिरतात. डबा मी खिडकीत उभ्यानेच खाते, हायवेवरचे ट्रक बघत. बोलायला कुणी नसलं की जेवण लवकर उरकतं.

गेल्या दिवाळीनंतर तू आपल्या अख्ख्या संगणकाला सांकेतिक कुलूप घातलंस. त्याआधी तो दोन मिनिटांत सुरू व्हायचा. मग आधी काळ्या पडद्यावर तो लांबलचक पासवर्ड, आणि त्यापुढं चार मिनिटं. बाहेर बाया ताटकळायच्या, इकडं माझा जीव वर-खाली. "काहून केलं हे?" असं मी विचारलं, तेव्हा तू शांतपणे सांगितलंस, की आतलं प्रत्येक अक्षर आता कुलूपबंद आहे, वाचताना दर वेळी ते उघडावं लागतं, नव्या मशीनवर एवढा फरक पडला नसता, आपलं जुनं आहे, मेमरी कमी आहे. "ताई, आपली दोन मिनिटं जास्तीची जातील, पण बाया कुठं राहून राहिल्या ते कुणाला कळणार न्हाई." मी ऐकलं, पण लक्ष दिलं नाही.

गेल्या महिन्यात एका रविवारी केंद्र बंद असताना कुणीतरी कोयंडा उचकटला आणि संगणकच उचलून नेला. बाकी कशाला हात नाही. मला पहिली आठवली ती जिवनबाई. सासरच्यांनी हात भाजला म्हणून तिला आणि तिच्या लेकराला आपण परजिल्ह्यात हलवलं होतं. तिचा पत्ता, पोराची बालवाडी, सगळं त्यातच होतं. चौथ्या दिवशी पोलिसांना तो एका दुरुस्तीच्या दुकानात सापडला. जिवनबाईच्या दिरानं तो तिथं नेला होता आणि पत्ते काढून दे म्हणून बसून राहिला होता. दुकानदारानं डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावली, तरी एक अक्षर वाचता आलं नाही. मी जिवनबाईला भेटून आले. ती बरी आहे, शिवणकाम शिकते. तिनं आधी तुझीच चौकशी केली.

राणी, मार्चमध्ये संस्थेच्या सचिवांना एक निनावी पत्र गेलं होतं. तू संगणक बिघडवलास, तो सुरू व्हायला पंधरा मिनिटं लागतात, बाया कंटाळून परत जातात, असं त्यात होतं. त्यावरूनच तुला काढलं. जीप चालवणाऱ्या लालसिंगभाऊंनी ते लिहिलं असं तू धरून चाललीस. त्यांना तोंडावर बोललीस, मग अबोला धरलास. ते खाली मान घालून उभे होते आणि मी बाजूला कागद लावत बसले होते. ते पत्र मी लिहिलं होतं. चार मिनिटांची पंधरा मीच केली. नऊ वर्षं या केंद्रात काढली, आणि दोन वर्षांत सगळ्या बाया तुझं नाव घेऊ लागल्या, ते मला सोसलं नाही. गेल्या सोमवारी हे सगळं सचिवांना सहीनिशी लिहून दिलं. ते मला ठेवतील असं वाटत नाही. लालसिंगभाऊंनाही सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "पोरीला कळवा." म्हणून हे पत्र. तू परत ये असं म्हणायचा हक्क मला उरलेला नाही. माझ्याशी बोलली नाहीस तरी चालेल, त्यांना मात्र एक फोन कर.

तुझीच,
पद्माताई