सलूनमधलं जेवण

आबा, गेल्या रविवारी मी आगगाडीच्या सलूनमध्ये बसले, साहेबांच्या डब्यात. तुमच्यासारखी मागच्या अरुंद दारानं चढून नाही, पुढच्या दारानं, जिथं पायरीवर गालिचा टाकलेला असतो तिथनं. मी चौथीपर्यंत शिकलेली बाई, पत्रबित्र लिहायची सवय नाही. पण हे कुणाला तरी सांगितल्याशिवाय माझं डोकं जागेवर यायचं नाही, आणि इथं सांगण्यासारखं माणूस नाही. इथं म्हणजे मेलबर्नला, ट्रुगानिनात. पोराचे वडील गेल्यावर त्यानं मला बोलावून घेतलं. एका देशी हॉटेलात पोळ्या लाटते. बसून खात नाही, हे आधीच सांगते.

पोराचं लग्न ठरतंय. मुलगी मराठीच, इथल्याच ग्लेन वेव्हर्लीला वाढलेली, आईवडील मूळचे पुण्याचे. होणाऱ्या व्याह्यांना जुन्या आगगाड्यांचं वेड. इकडे हौशी लोकांनी आजोबा-पणजोबांच्या काळातले साहेब लोकांचे खाजगी डबे शोधून, लाकूड घासून, पितळ चकाकवून पुन्हा रुळावर आणलेत. दिवसभर फिरायचं, आतच जेवायचं. व्याह्यांनी तसा एक अख्खा डबा भाड्यानं घेतला, खास माझ्यासाठी. का? तर पोरानं त्यांना सांगून ठेवलेलं की त्याचे आजोबा, म्हणजे तुम्ही, रेल्वेत मोठे ऑफिसर होते आणि स्वतःच्या सलूनमधून फिरायचे.

मला हे कळलं प्लॅटफॉर्मवर. ती माणसं पुढे फोटो काढत होती.

"कोण ऑफिसर?"

"आई, हळू बोल ना. मी फक्त म्हटलं, आजोबांचं सलून होतं."

"त्यांचं? अंडी उकडायचे ते त्यात. भांडी घासायचे."

"आय नो. आज एक दिवस, प्लीज. तिचे बाबा लगेच फॅमिली काढतात गं. नंतर सांगू सगळं."

"नंतर म्हणजे बारशाला?"

हसला नाही तो. थंडी मरणाची होती आणि त्याच्या कपाळावर घाम. म्हणाला, "ही गेली ना आई, तर मी परत उभा नाही राहणार." ते ऐकून मी तोंड मिटलं. तोंड मिटायला मला किती जड जातं हे तुम्हाला ठाऊक नाही. तुम्ही गेलात तेव्हा मी लहान होते.

आत गेल्यावर विहीणबाईंनी हाताला धरून डब्याच्या टोकाच्या मोठ्या खिडकीशी नेलं. "ताई, तुम्ही इथं बसायचं. मानाची जागा." कातड्याची खुर्ची, एवढी खोल की पाय जमिनीला टेकेनात. गाव मागं पडलं, मग नुसतं पिवळं गवत आणि मेंढ्या, आणि खिडकीतून रूळ मागं मागं पळतायत. काळी बंडी घातलेला एक म्हातारा गोरा सूप वाढत होता. वळण आलं की पाय फाकवून उभा राहायचा आणि ताटली पोटाशी धरायचा. मी सूप सोडून त्याचे पाय बघत बसले.

डोळ्यापुढं आलं ते भुसावळ. यार्डात सलून उभं आहे, मी तुमचा जेवणाचा डबा घेऊन आलेय, आणि पहिल्या पायरीवर पाय ठेवते. तुम्ही आतून खेकसता, "खाली उतर! साहेबांचं आहे ते." साहेब त्या दिवशी गावातसुद्धा नव्हते, आबा. ऊन असं की खडी चटके देत होती. तुम्ही खाली आलात, डबा घेतलात, आणि एका वाटीत उरलेलं कस्टर्ड मला दिलंत. ते मी चाखत बसले आणि तुम्ही वर जाऊन पुन्हा पितळ पुसायला लागलात. घरी चुलीपुढं भाकरी खातानाही तुमच्या तोंडी साहेबच. साहेबांना अंडं सैल लागतं. साहेबांना टोस्टच्या कडा चालत नाहीत. गाडी हलली की साहेब खिडकीशी उभे राहतात, बसत नाहीत. आई एकदा तव्यावरून नजर न काढता म्हणाली, "साहेबांच्या पोरीला दात कधी आले तेही सांगाल. आपली पोरगी कितवीत आहे ते सांगा बरं." तुम्ही घास तसाच हातात धरून बसलात. शेवटी मीच सांगितलं, तिसरीत.

मेन जेवण यायच्या आधी मी संडासाला म्हणून उठले आणि उलट्या बाजूला गेले. तिथं स्वयंपाकाची चिंचोळी जागा, आणि तिच्यापलीकडे गड्यांची खोली. खोली कसली, फळी आणि एक दुधी काचेची खिडकी. आता तिथं दारूची खोकी ठेवलीत. तुमचं सलूनही असंच असणार. तुम्ही उंच होतात. पाय कुठं घालत होतात तुम्ही?

त्या शेवटच्या खेपेला तुम्हाला ताप होता. आई नको म्हणाली. तुम्ही म्हणालात, साहेबांचं अंडं दुसऱ्याला जमत नाही. सकाळी साहेबांनी घंटी मारली, चहा आला नाही. पुन्हा मारली. मग शिपायाला बघायला पाठवलं. कुठल्याशा बारक्या स्टेशनात तुम्हाला चादरीतून उतरवून पार्सलच्या वजनकाट्याशेजारी ठेवलं आणि सलून गाडीबरोबर पुढं गेलं. साहेबांना इन्स्पेक्शन होतं. काका जाऊन घेऊन आला तुम्हाला. पुढं आपलं क्वार्टर गेलं, आणि माझी शाळाही.

"आई, इथं काय करतेयस? सगळे थांबलेत." पोरगा मागं उभा. त्यानं फळीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

परत बसले तर व्याही सुरू. "ताई, वडिलांबद्दल सांगा ना. कडक होते का हो?"

"अहो, जेवू द्या त्यांना," विहीणबाई म्हणाल्या.

"जेवतायत की. सांगा हो."

पोरगा ताटातले मटार मोजत असल्यासारखा खाली बघत होता. आबा, देवाशपथ, मी खरं सांगायलाच तोंड उघडलं. म्हटलं, मोडलं तर मोडू दे लग्न, माझा बाप आचारी होता. पण पुढं काय सांगू? तुम्हाला काय आवडायचं? कशाला हसायचात? आत काहीच सापडेना. तुम्ही घरात आणलंत ते सगळं साहेबांचं. तेच बाहेर आलं. म्हटलं, कडक होते. अंडं सैल लागायचं. टोस्टच्या कडा चालायच्या नाहीत. गाडी हलली की खिडकीशी उभे राहायचे, बसायचे नाहीत.

"बघा!" व्याही मांडीवर थाप मारून म्हणाले. "जुनी माणसं ही अशी! आणि गेले कसे?"

"कामावर," मी म्हटलं. "सलूनमध्येच. झोपेत."

"काय मरण आलं हो! राजासारखं." त्यांनी ग्लास उचलला. विहीणबाईंनी उचलला, मुलीनं उचलला, पोरानं उचलला. मीही उचलला. शेवटचं तर अक्षरन् अक्षर खरं होतं.

लग्न पक्कं झालं. स्टेशनावरून घरी येताना मोटारीत पोरगा म्हणाला, "थँक यू, आई. तू कमाल केलीस." मी म्हटलं, "समोर बघून चालव."

हे पत्र मी फाडणार. पोराच्या हाती लागलं तर त्याला वाटेल, त्याच्यापायी मी गप्प बसले. पहिल्यांदा त्याच्यापायीच. पण नंतर व्याही विचारत राहिले आणि मी सांगत राहिले. साहेबांचा कुत्रा तुम्हाला दिला, साहेबांचा पाइपही दिला, साहेबांची पोरगी झाले आणि वडिलांनी मला खिडकीशी उचलून धरलं असं सांगितलं. आणि आबा, ते बोलताना मला गोड लागत होतं. गाडी परतायला उशीर झाला असता तर अजून सांगितलं असतं.